पहिलाच मुक्काम कोकणकड्यावर? आधी उतरायची वेळ ठरवा

प्रश्न असा आहे: "आम्ही तिघे मित्र डोंबिवलीचे, पस्तिशीतले, बैठ्या नोकरीतले. आजवर माथेरान आणि एकदा लोहगड, एवढाच अनुभव. डिसेंबरात पाठीवर तंबू घेऊन हरिश्चंद्रगडावर जायचं आणि कोकणकड्यावर मुक्काम करायचा असं ठरतंय. सॅक, बूट, तंबू यांवर किती खर्च करावा? तयारी कशी करावी? आमच्यापैकी एकाचा गुडघा अधूनमधून दुखतो."

गड चांगला निवडलात, महिनाही चांगला आहे. फक्त तो पहिला नको, तिसरा किंवा चौथा असू द्या. दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत बरेच रविवार हाताशी आहेत, तेवढ्यात हे सहज बसतं.

खर्चाचं नंतर सांगतो. आधी वेळेचं बोलू, कारण नवखी मंडळी डोंगरात अडकतात ती बहुतेक वेळा उशिरामुळे. घरून निघायला उशीर, नाक्यावर मिसळ, वाटेत फोटो, माथ्यावर पोहोचता पोहोचता तीन वाजतात. मग उतरताना अंधार पडतो, पाणी संपलेलं असतं आणि दमलेले पाय नको तिथे पडतात. म्हणून ट्रेकचा हिशोब उलटा मांडायचा: संध्याकाळी गावात किती वाजता परत हवं, तिथून मागे मागे यायचं.

पेठचा किल्ला घ्या, म्हणजे कोथळीगड. तुम्हाला पहिल्या ट्रेकला मी तोच सुचवेन. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली, तिथून मळलेल्या वाटेने पठारावरची पेठ वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर उभा सुळका. सुळक्याच्या पायथ्याशी कोरीव खांबांची गुहा आहे आणि तिथून वर जायला कातळाच्या पोटातून खोदलेल्या पायऱ्या. आता हिशोब. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत आणि डोंगराच्या सावलीत उजेड त्याआधीच जातो. म्हणून आंबिवलीत चारला परत, म्हणजे दीड-दोन तास हातचे राहतात. उतरायला दोन तास धरा, म्हणजे माथा दोनला सोडायचा. गुहा, पायऱ्या, डबा याला एक तास, म्हणजे एकला वर. नवख्या पायांना चढायला तीन तास, म्हणजे दहाला चालायला सुरुवात. कर्जत स्टेशनबाहेर गाडीची वाट बघण्यासकट दीड तास, म्हणजे साडेआठला कर्जत. म्हणजेच डोंबिवलीहून सातच्या आसपासची कर्जत लोकल. साडेआठची पकडू म्हणालात तर तो उशीर दिवसभर तुमच्या मागे लागतो.

दोन वाजता माथा सोडायचा हे घरीच ठरवा आणि तिघांनी कबूल करा. तेव्हा तुम्ही गुहेपाशीच असाल तरी पाठ फिरवायची. पायऱ्या राहिल्या तर राहिल्या. हे आधीच का ठरवायचं, तर वर गेल्यावर "आता एवढं आलोय तर" हे वाक्य कोणीतरी म्हणतोच, आणि त्याला नाही म्हणणं दमलेल्या माणसाला जड जातं.

अनोळखी ट्रेकचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा अजून वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण सव्वादोन तास होतात. पण तो आडाखा थंड हवेच्या देशातला आणि सरावलेल्या पायांचा. आपल्या दमट हवेत, बैठ्या नोकरीच्या माणसाने त्याला दीडने गुणावं, म्हणजे सुमारे साडेतीन तास. गावातल्या माणसाला विचारलंत तर तो "अर्ध्या तासाची वाट" सांगेल. त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. तुम्ही त्याचा दीड तास धरा. आणि एसटीने जात असाल तर उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा, कारण संध्याकाळचा सगळा हिशोब तिच्यावर अवलंबून असतो.

पेठनंतर नाणेघाट किंवा कळसूबाई. नाणेघाट कल्याण–माळशेज रस्त्यावर वैशाखरे गावाच्या पुढे उतरून चढायचा. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग, वर राणी नागनिकेच्या शिलालेखाची गुहा आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. वाट रुंद आहे, चुकण्यासारखी नाही. कळसूबाई मात्र पायांची परीक्षा घेते. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून सलग चढ आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. कळसूबाई उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसचे जिने नीट उतरता आले तर समजा, सॅक घेऊन चालायला हरकत नाही.

मुक्कामाचा पहिला अनुभव राजमाचीला घ्या. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटरची, बरीचशी सपाट चाल आहे. उधेवाडीत घरगुती जेवण आणि राहण्याची सोय होते, फोन करून आधी सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले रिकाम्या पाठीने बघून यायचे आणि मग जंगलातून कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरून कर्जत गाठायचं. इथे मुद्दाम पूर्ण सॅक भरून जा, तंबूसुद्धा घ्या आणि गावात परवानगी घेऊन एखाद्या अंगणात लावून बघा. काही बिनसलंच तर दहा पावलांवर घर आहे. तंबूचा एक बांबू घरी राहिला, मॅट पातळ निघाली, रात्री थंडी वाजली, हे सगळं उधेवाडीत कळलेलं बरं.

आता सॅक. तीन दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्याला ५० लिटरची पुरते. ७० लिटरची घेतलीत तर ती भरून टाकाल, रिकामी जागा कोणालाच बघवत नाही. एका रात्रीचं वजन असं होतं: सॅक पावणेदोन किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट अर्धा, जाकीट आणि कोरडा जोड एक किलो, खाणं एक, टॉर्च-औषधं-ताटली अर्धा, आणि पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. झाले नऊ. तंबू अडीच-तीन किलोचा असेल तर तो सुटा करून तिघांत वाटा: एकाकडे कापड, एकाकडे बांबू आणि खुंट्या, आणि तिसऱ्याकडे तेवढ्याच वजनाचा शिधा. साठ-सत्तर किलोच्या माणसाने सुरुवातीला नऊ-दहा किलोच्या वर जाऊ नये. घरी वजनकाट्यावर सॅकसकट उभे राहा आणि मग बिनासॅकचे, लगेच कळतं. वजन वाढलं असेल तर जादाचे कपडे काढा. पाणी काढू नका.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू मध्यभागी आणि पाठीला चिकटून, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला, आणि वाटेत लागणारं सगळं, म्हणजे टॉर्च, खाऊ, पावसाळी जाकीट, वरच्या कप्प्यात. जड डबा बाहेरच्या बाजूला गेला की सॅक माणसाला मागे ओढते आणि चढावर ते प्रत्येक पावलाला जाणवतं. सगळं सामान आधी एका मोठ्या काळ्या प्लास्टिक पिशवीत भरून ती पिशवी सॅकमध्ये घाला; बाहेरून घालायच्या कव्हरपेक्षा हे कितीतरी खात्रीचं, आणि स्वस्तही. पाठीवर चढवताना सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा, तो पोटावर नको, दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे, आणि घट्ट. मग खांद्याचे पट्टे, सॅक पाठीला लागेल एवढेच ओढा. छातीचा पट्टा शेवटी. चालताना खांदे दुखू लागले तर समजायचं की कमरेचा पट्टा सैल झालाय. दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशात बघण्यात काहीच अर्थ नाही, दुकानदाराला आत दहा किलो भरायला सांगा आणि दहा मिनिटं फिरा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

खर्चाचं थोडक्यात. पहिल्या दोन ट्रेकला घरातली कॉलेज बॅग चालते. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट भाड्याने मिळतात, ट्रेकिंगच्या दुकानांत आणि काही संस्थांकडेही. दोन मुक्काम भाड्याच्या सामानावर झाले की स्वतःला काय हवंय ते आपोआप कळतं. बूट तेवढे आधी घ्या. भारी घोट्यापर्यंतचे हवेतच असं नाही. सह्याद्रीत तळव्याची पकड महत्त्वाची, खोल खाचा आणि मऊसर रबर. आपल्याकडचे कितीतरी जुने ट्रेकर दोन हजारांच्या आतल्या ॲक्शनच्या बुटांवर वर्षानुवर्षं डोंगर फिरलेत. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. चालताना घालायचे तेच जाड मोजे घाला, पाय पुढे सरकवून उभे राहा आणि टाचेमागे बोट शिरतंय का बघा. शिरत नसेल तर उतरताना अंगठा पुढे आपटत राहतो आणि नख काळं पडतं. नखं आदल्या दिवशी कापा.

जीन्स नको. भिजली की जड होते, घामाने मांड्या सोलते. साधी ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टोपी. टॉर्च डोक्याला बांधायची घ्या आणि दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाकडे एक हवीच. मोबाइलचा दिवा धरायला एक हात अडकतो, आणि ज्या बॅटरीवर मदत मागायची तीच संपते.

पायांची तयारी जिन्यावर होते. इमारतीचे जिने चढा आणि उतराही, लिफ्टने खाली येऊ नका. चढताना दम लागतो तो बसला की जातो. मांड्यांची आणि गुडघ्यांची खरी कसोटी उतरताना असते. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, महिनाभरानंतर पाठीवर पाच किलो घेऊन. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

उतरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा तिथेच घाबरतो. पावसाळा सरला की वाटांवर घसारा तयार होतो: सुटी माती, बारीक मुरूम आणि वर वाळलेलं गवत. भीतीने माणूस मागे रेलतो, वजन टाचेवर जातं आणि नेमका पाय सुटतो. करायचं उलट. गुडघे किंचित वाकवा, कंबर पावलांच्या वर ठेवा, छोटी पावलं टाका, पूर्ण तळवा टेकवा. तीव्र उतारावर सरळ खाली न जाता नागमोडी जा. आधाराला वाळकं गवत किंवा कारवीची सुकी काठी धरू नका, हातात येते. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, कारण वरच्याच्या पायाखालून दगड सुटतो तो खालच्याला लागतो. दगड सुटला की "दगड!" असं जोरात ओरडायचं, मग तो केवढाही असो. फारच वाकडी जागा आली तर बसून किंवा कातळाकडे तोंड करून उतरा. त्यात लाज कसली? शिडी उतरताना नेहमीच कातळाकडे तोंड असतं.

वाट चुकली तर काय, हाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे इथे उभा कडा, मग सपाट पदर, मग पुन्हा कडा अशी रचना असते, आणि एका पदरावरून खालच्या पदरावर जायला मोजक्याच जागा असतात: एखादी नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, किंवा एखादी सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. म्हणूनच खाली गाव दिसतंय म्हणून त्याच्या रोखाने सरळ उतरायला लागलात की हमखास कड्याच्या टोकावर येऊन थांबता. लोक अडकतात ते असेच. ढोरवाटाही फसवतात, त्या पदरातून आडव्या जातात आणि गवतात विरतात. वाट अरुंद होत गेली, पायाखालचा दगड घासलेला दिसेना, चॉकलेटचे कागद दिसेनासे झाले (एवढाच काय तो त्या कचऱ्याचा उपयोग) की थांबा आणि शेवटची खात्रीची जागा होती तिथे परत चढा. परत चढायचा कंटाळा करू नका. आधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वर रेंज नसते. अवघड ठिकाणी गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जा. सगळ्यात सोपी वाट तीच, कड्याच्या पोटातून जाणारी, गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत अडीच-तीन तास. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे, सॅक घेऊन पहिल्यांदा नको. नळीची वाट तर अजून काही वर्षं विसरा, व्हिडिओ कितीही बघितलेत तरी. गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तंबू कुठे लावू देतात, शेकोटीचं काय, याचे नियम जाण्याआधी पाचनईत किंवा वनविभागाकडे विचारून घ्या. कोकणकडा मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तो आत वळलेला आहे, म्हणजे काठावर उभं राहिल्यावर पायाखाली डोंगर नाही, पोकळी असते. बघायचं तर चार हात लांब सॅक ठेवून, पालथं पडून, सरपटत पुढे जाऊन बघा. तंबू काठापासून चांगला लांब लावा, कारण वारा रात्री दिशा बदलतो आणि लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत असतो. डिसेंबरात वर चांगली थंडी असते, कानटोपी आणि जाड जाकीट न्याच. टाक्यांचं पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून प्या, आणि पिण्याच्या टाक्यात हातपाय धुऊ नका.

खाण्याचं फार डोकं चालवू नका. पहिल्या दिवशी धपाटे, ठेचा, गूळ-शेंगदाणे, चिक्की. रात्री खिचडी किंवा गावातली भाकरी. पाणी माणशी तीन लिटर कमीत कमी. त्यात एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट. कोणी बडबड करायचा थांबला, डोकं दुखतंय म्हणाला, पाय ओढू लागला तर सावलीत बसवा, पाणी द्या, ओल्या रुमालाने मान-डोकं पुसा, आणि माथा विसरून परत फिरायचा विचार करा. मार्च ते मेमध्ये भर उन्हात उघड्या डोंगरावर नव्यांनी जाऊच नये.

आग्या मोहोळाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. कड्यांवर आणि गुहांच्या छतांना ती पोळी लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, फेकलेला दगड यांनी माश्या उठतात. उठल्या तर हात झाडू नका; डोकं-तोंड कापडाने झाका आणि तिथून लांब व्हा, अर्थात कड्याची बाजू सोडून. साप दिसला तर त्याला जाऊ द्या, दगडांच्या फटीत न बघता हात घालू नका. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता माणसाला कमीत कमी हलवून सरकारी रुग्णालय गाठा. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस. डोंगरात अडकलेल्यांसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर काम करतं, त्यांचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी शोधून तिघांच्याही फोनमध्ये घाला. घरी एका कागदावर गाव, वाट, परतायची वेळ आणि "रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळवा" एवढं लिहून ठेवा.

तिघांनीच जायचं की ग्रुपबरोबर? पहिले दोन ट्रेक जाणत्या माणसाबरोबर झाले तर उत्तम. गिरिविहार, मुलुंडचे चक्रम हायकर्स, यूथ हॉस्टेल्स अशा संस्थांचे कार्यक्रम असतात. इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: लीडर किती आणि माणसं किती, प्रथमोपचार शिकलेला कोण आहे, आणि माथा किती वाजता सोडणार. तिसऱ्याला "ते वर जाऊन बघू" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप शोधा.

राहता राहिला मित्राचा गुडघा. त्याला आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवू दे. "ट्रेकला जायचंय, उतरणं खूप आहे" हे त्यांना स्पष्ट सांगायचं. त्यांनी हो म्हटलं तर लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रेकिंगच्या दोन काठ्या घ्या. उतरताना त्या थोड्या लांब करून आधी काठी, मग पाय. तंबूचा वाटा तुम्ही दोघांनी उचला. कळसूबाईची सलग उतरण त्याला सध्या नको, नाणेघाट पुरे. राजमाचीलाही त्याने कोंदिवड्याकडे न उतरता लोणावळ्याच्याच वाटेने परतावं, आणि एकटं नाही, तुम्ही दोघांनीही सोबत जावं. त्या पंधरा किलोमीटरनंतर दोन दिवसांनी गुडघा कसा आहे ते बघा आणि मगच पाचनईची गाडी ठरवा.